सी भाषेतील हॅश फंक्शनचा इंटरफेस : एक चिकित्सा
(अंबरनाथ एमआयडीसीतील सांडपाण्याच्या नोंदींच्या संदर्भात)

प्रास्ताविक

कितीही लांबीच्या संगणकीय मजकुराचे ठरावीक लांबीच्या मूल्यात रूपांतर करणारी गणिती क्रिया म्हणजे हॅश फंक्शन होय. मूळ मजकुरात एका अक्षराचा जरी बदल झाला तरी हॅश-मूल्य पूर्णपणे बदलते. म्हणूनच नोंदीत फेरफार झाला की नाही हे तपासण्यासाठी त्याचा उपयोग होतो. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये त्याची व्याख्याच दिलेली आहे. हॅश-मूल्यावरून मूळ नोंद काढणे आणि दोन भिन्न नोंदींचे हॅश-मूल्य एकच येणे, या दोन्ही गोष्टी गणनदृष्ट्या अशक्यप्राय असाव्यात, अशी या व्याख्येची अट आहे. मात्र ही व्याख्या गणिती फंक्शनची आहे. प्रत्यक्ष यंत्रात ते ज्या आज्ञांद्वारे वापरले जाते त्यांची रचना, म्हणजेच प्रोग्रॅमिंग इंटरफेस, या व्याख्येच्या कक्षेबाहेर राहतो. हॅशवर ठेवलेला विश्वास नेमका येथेच सर्वाधिक कच्चा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लाखेची मोहोर आणि आकडा

अंबरनाथ एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रांत जाते. वालधुनी व उल्हास या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न या परिसरात जुनाच आहे. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना कारखानदाराच्या उपस्थितीत दोन भागांत विभागायचा, प्रत्येक भाग मोहोरबंद करायचा आणि त्यावर उभयतांनी स्वाक्षरी करायची असा विधी आहे. तो पाळला नाही तर पृथक्करणाचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ उद्योगवर्गांना व सामूहिक प्रक्रिया केंद्रांना ऑनलाइन मापनयंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले आणि बाटलीतील नमुन्याच्या जोडीला डेटा लॉगरमधील आकडा आला. आकड्याला लाख लावता येत नाही. त्याची मोहोर हॅश-मूल्यच होऊ शकते. अशा छोट्या यंत्रांवरील आज्ञावली बहुधा सी भाषेत लिहिली जाते. त्यामुळे तेथे मोहोर लावण्याचा विधी सी भाषेतील इंटरफेसच ठरवतो.

तीन आज्ञांचा वारसा

या इंटरफेसचा परिचित साचा रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी एप्रिल १९९२ मध्ये एमडी-५ च्या विवरणासोबत प्रसिद्ध केलेल्या सी आज्ञावलीत दिसतो. तीत ‘इनिट’, ‘अपडेट’ आणि ‘फायनल’ अशी तीन फंक्शने आहेत. पहिले आरंभीची स्थिती मांडते, दुसरे मजकुराचे तुकडे एकामागून एक स्वीकारते, तिसरे अंतिम मूल्य देते. पुढे ओपनएसएसएलसारख्या ग्रंथालयांनीही हाच साचा ठेवला. त्याचा गुण मान्य करावाच लागेल. संपूर्ण मजकूर एकाच वेळी स्मृतीत असण्याची गरज उरत नाही. एसएचए-२५६ ची चालू स्थिती शंभर-सव्वाशे बाइटांत मावते, त्यामुळे स्वस्तातल्या लॉगरलाही दिवसभराच्या नोंदींचे हॅश-मूल्य काढता येते.

दोष ‘अपडेट’च्या अर्थात आहे. या फंक्शनला तुकड्यांच्या सीमा ठाऊक नसतात. सर्व तुकडे जोडून होणारी सलग अक्षरमालिका तेवढी त्याला दिसते. १ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सामूहिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी सीओडीची मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम व बीओडीची ३० मिलिग्रॅम आहे. एका कल्पित लॉगरने प्रथम सीओडीचा आकडा व नंतर बीओडीचा आकडा ‘अपडेट’ला दिला असे मानू. वाचने २२५ व २८ असतील तर फंक्शनपर्यंत ‘२२५२८’ पोहोचते. वाचने २२५२ व ८ असली तरीही ‘२२५२८’च पोहोचते. पहिली नोंद मर्यादेत बसणारी, तर दुसऱ्या नोंदीतील सीओडी मर्यादेच्या नऊपट. हॅश-मूल्य मात्र दोहोंचे एकच. (एवढ्या सीओडीसोबत इतका अल्प बीओडी पाहून कोणत्याही रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला संशय येईल, हॅशला येत नाही.) एसएचए-२५६ चे गणित येथे कोठेही मोडलेले नाही. दोन नोंदींची टक्कर फंक्शनात शिरण्यापूर्वीच झालेली आहे.

प्रत्येक घटकाची लांबी आधी नोंदवणे हा त्यावरील उपाय जाणकारांना पूर्वीपासून माहीत होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये ‘टपलहॅश’ हे प्रमाणित फंक्शन देऊन तो इंटरफेसच्या पातळीवर आणला. म्हणजे १९९२ च्या साच्यातील एक उघड उणीव प्रमाणकात भरून निघण्यास जवळपास पाव शतक लागले.

बाकीचे दोष सी भाषेच्या स्वभावातून येतात. ‘फायनल’ला उत्तर ठेवण्याची जागा पॉइंटरने दाखवली जाते, पण त्या जागेची लांबी सांगितली जात नाही. एमडी-५ साठी राखलेल्या १६ बाइटांच्या जागेत एसएचए-२५६ चे ३२ बाइट लिहिले गेले तर शेजारची स्मृती बिघडते आणि भाषा त्याबद्दल मौन पाळते. यशापयशाच्या संकेतांत तर सरळ विसंगती आहे. ओपनएसएसएलमध्ये १ म्हणजे यश. एनआयएसटीने एसएचए-३ स्पर्धेसाठी ठरवून दिलेल्या इंटरफेसमध्ये ० म्हणजे यश. एका ग्रंथालयाची सवय दुसरीकडे नेणारा प्रोग्रॅमर अपयशालाच यश समजू शकतो.

हे आक्षेप केवळ तात्त्विक नाहीत. एसएचए-३ चा पाया असलेल्या केचक अल्गोरिदमच्या मूळ रचनाकारांच्याच आज्ञावलीत निकी मूहा यांना २०२२ मध्ये एक गंभीर दोष आढळला. आधी एखादा लहान तुकडा आणि मग सुमारे चार गिगाबाइटांचा तुकडा ‘अपडेट’ला दिला, तर लांबीचे गणित ३२ बिटांत कापले जाऊन स्मृतीची मर्यादा ओलांडली जात असे. हा दोष २०११ पासून तेथे होता आणि ती आज्ञावली स्वीकारल्यामुळे पायथन व पीएचपी या भाषांतही पोहोचला होता. जगभरच्या तज्ज्ञांनी केचकचे गणित वर्षानुवर्षे तपासले. त्याच्या आज्ञावलीतील तुकडे जोडण्याचे साधे काम मात्र अकरा वर्षे तपासणीतून निसटत राहिले.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने एसएचए-२५६ ची स्वतंत्र ‘इनिट’, ‘अपडेट’, ‘फायनल’ फंक्शने कालबाह्य ठरवून सर्व हॅशसाठी सामायिक असा ‘ईव्हीपी’ इंटरफेस पुढे केला. त्यामुळे अल्गोरिदम बदलणे सोपे झाले, हे खरे. परंतु तुकड्यांच्या सीमेचा प्रश्न त्यानेही जसाच्या तसा ठेवला.

प्रमाणपत्रातील रकाना

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश-मूल्य आणि अल्गोरिदमचे नाव यांसाठी जागा आहे. पर्यायांत एसएचए-२५६ च्या बरोबरीने एमडी-५ आणि एसएचए-१ हेही छापलेले आहेत. एमडी-५ ची टक्कर २००४ मध्ये आणि एसएचए-१ ची २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवली गेलेली असल्याने कलम ३ मधील अटीत ही दोन्ही नावे बसवणे कठीण आहे. त्याहून मोठी उणीव म्हणजे नोंदीतील घटक कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विभाजकासह फंक्शनला दिले गेले, हे सांगण्यासाठी त्या नमुन्यात रकानाच नाही. वरील लॉगरने केवळ हे मूल्य जपून ठेवले असेल, तर २२५ व २८ या नोंदीसाठी दिलेले प्रमाणपत्र आणि २२५२ व ८ या नोंदीसाठी दिलेले प्रमाणपत्र यांतील हॅश-मूल्य अक्षरशः एकच असेल, आणि दोन्ही प्रमाणपत्रांवर एसएचए-२५६ समोरच खूण केलेली असेल.