‘दुर्गम’ कोणासाठी? : ॲलेक्सिस राइट यांच्या कादंबऱ्या आणि धोरणाची भाषा

ऑस्ट्रेलियाच्या राज्यकारभारात ‘रिमोट’ हे विशेषण आदिवासी वस्त्यांना गेली कित्येक दशके चिकटलेले आहे. मराठीत आपण त्याला सवयीने ‘दुर्गम’ म्हणतो. मेळघाटाच्या किंवा गडचिरोलीच्या संदर्भात आपल्या शासकीय परिपत्रकांतूनही हाच शब्द येतो. या शब्दाची घडण बोलकी आहे. जेथे जाणे कठीण ते दुर्गम. परंतु जो तेथेच राहतो त्याला तेथे जायचे नसते. म्हणजे या विशेषणात बाहेरून जाणारा गृहीत धरलेला असतो, राहणारा वगळलेला असतो. अंतर हे दोन बिंदूंमधले नाते असते; ‘दुर्गम’ म्हटले की ते नाते पुसले जाते आणि दूरपणा हा त्या वस्तीचाच अंगभूत दोष होऊन बसतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांविषयीचा धोरणविवाद या एका भाषिक व्यवहारावर कसा उभा आहे, आणि वान्यी समाजातील कादंबरीकार ॲलेक्सिस राइट यांच्या कादंबऱ्या त्याला कोणते उत्तर देतात, याची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

१

जून २००७ या महिन्यात दोन घटना घडल्या. राइट यांच्या ‘कार्पेंटारिया’ (२००६) या कादंबरीला ऑस्ट्रेलियातील मानाचे माइल्स फ्रँकलिन पारितोषिक मिळाले. आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी वस्त्यांमध्ये ‘आणीबाणीचा प्रतिसाद’ म्हणून हस्तक्षेप जाहीर केला. या हस्तक्षेपाला निमित्त झाला रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांचा बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयीचा अहवाल. अहवालाचे शीर्षक अरेंटे भाषेत आहे. ‘लहान मुले पवित्र असतात’ असा त्याचा अर्थ. त्यात ९७ शिफारशी होत्या आणि वस्त्यांशी खऱ्या अर्थाने विचारविनिमय करण्यावर पहिल्याच शिफारशीचा भर होता. प्रत्यक्षात जे घडले त्यात विचारविनिमय नव्हता. सैन्याची मदत घेण्यात आली. सरकारी भत्त्याची निम्मी रक्कम ठरावीक गरजांपुरतीच खर्च करता येईल अशी व्यवस्था झाली. वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्याने केंद्राकडे गेल्या. आणि हे सारे शक्य व्हावे म्हणून १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा या उपायांपुरता स्थगित ठेवण्यात आला. २०१२ मध्ये ‘स्ट्राँगर फ्युचर्स’ या नावाने नवे कायदे आले. त्यांची मुदत २०२२ मध्ये संपली.

या घटनेकडे एक संहिता म्हणून पाहिले तर तिचा रूपबंध ओळखीचा वाटतो. एक निष्पाप बालक, त्याचा छळ करणारे प्रौढ, दुरून येणारा तारणकर्ता आणि विलंब न सोसणारा काळ, असे हे सुटकेचे कथानक आहे. या कथानकात बालक आवश्यक असते, परंतु त्याने बोलणे आवश्यक नसते. ते कृतीचे कारण असते, कर्ता नसते. हस्तक्षेपाच्या काळात वस्त्यांच्या प्रवेशद्वारी मोठे निळे फलक लावले गेले. येथे मद्य आणि अश्लील साहित्य आणण्यास मनाई आहे, असे ते सांगत. फलकाचा उद्दिष्ट वाचक कोण, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वरवर पाहता तो येणाऱ्याला उद्देशून आहे. परंतु येणारा तो एकदा वाचतो; तेथे राहणारा मात्र आपल्याच दारावर आपले वर्णन रोज वाचतो. धोरणाची भाषा केवळ वास्तवाचे वर्णन करीत नाही, ती आपले वाचकही घडवते. हा मुद्दा पुढे ‘प्रेझवर्दी’ या कादंबरीच्या संदर्भात महत्त्वाचा ठरेल.

सुटकेच्या कथानकाला जोडून एक दुसरे कथानक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर कॉलिन बार्नेट यांनी राज्यातील २७४ वस्त्यांपैकी १०० ते १५० वस्त्या बंद कराव्या लागतील असे सूचित केले. केंद्राने पाणी, वीज, रस्ते यांसारख्या सेवांचा खर्च उचलणे थांबवायचे ठरवले, हे त्यामागचे तात्कालिक कारण. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान टोनी ॲबट यांनी त्याचे समर्थन करताना अशा ठिकाणी राहणे ही ‘जीवनशैलीची निवड’ आहे आणि करदात्याने तिचा भार अमर्याद सोसावा हे योग्य नाही, या आशयाचे विधान केले. पहिल्या कथानकात आदिवासी मनुष्य इतका असहाय आहे की त्याला निवड करताच येत नाही. दुसऱ्यात तो इतका स्वतंत्र आहे की हजारो वर्षांची भूमी ही त्याची हौस ठरते. दोन्ही कथानके एकाच राज्यसंस्थेची आहेत, आणि दोहोंतूनही इतिहास गळतो. सत्तरच्या दशकात मिशन आणि सरकारी वसाहती सोडून अनेक कुटुंबे आपापल्या पूर्वजभूमीवर परतली. १९७६ च्या नॉर्दर्न टेरिटरीतील भूमिहक्क कायद्याने या चळवळीला आधार दिला. आज ज्यांना दुर्गम म्हटले जाते त्या वस्त्यांपैकी पुष्कळशा अशा जाणीवपूर्वक परतण्यातून उभ्या राहिल्या आहेत. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९६८ च्या व्याख्यानमालेत ज्याला ऑस्ट्रेलियाचे महान मौन म्हटले, त्याचा हा एक उत्तरकालीन आविष्कार मानता येईल.

२

येथवरची मांडणी साहित्याच्या अभ्यासकाला सोयीची आहे, आणि म्हणूनच ती येथे थांबवता येत नाही. भाषेच्या चिकित्सेत दुःखाचे काय होते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो शत्रूकडून आलेला नाही. केप यॉर्कमधील नोएल पिअर्सन यांनी २००० मध्ये ‘अवर राइट टु टेक रिस्पॉन्सिबिलिटी’ या पुस्तिकेत निष्क्रिय सरकारी भत्त्याला आणि व्यसनाला आपल्या समाजाच्या विघटनाचे कारण मानले. अनेक वर्षे ऑरुकन येथे काम केलेले पीटर सटन यांनी ‘द पॉलिटिक्स ऑफ सफरिंग’ (२००९) मध्ये असा आरोप केला की स्वयंनिर्णयाच्या उदारमतवादी भाषेने वस्त्यांमधील हिंसा, आजार आणि आत्महत्या यांच्याविषयी बोलणेच अप्रशस्त करून टाकले. मार्सिया लँग्टन यांनीही २००८ मध्ये प्रतीकात्मक हक्कांच्या चर्चेत प्रत्यक्ष स्त्रिया आणि मुले हरवतात, या आशयाची टीका केली. याउलट जॉन ऑल्टमन यांच्यासारखे अभ्यासक भूमीवर आधारित मिश्र अर्थव्यवस्थेचा आग्रह धरतात आणि सक्तीने प्रश्न चिघळतो असे म्हणतात.

या वादात कोण बरोबर याचा निवाडा साहित्यसमीक्षेने करू नये. परंतु एक प्रश्न तिच्या कक्षेतला आहे. राइट यांच्या कादंबऱ्या सटन ज्याला मौन म्हणतात त्यात सामील आहेत काय? भूमीचे काव्य रचून त्या वस्तीतले दुःख झाकतात काय? या प्रश्नाचे उत्तर कादंबऱ्यांतूनच शोधले पाहिजे.

३

‘कार्पेंटारिया’चा अवकाश प्रथम पाहू. कादंबरीचा आरंभ आखाती प्रदेशातील नद्या घडवणाऱ्या आदिसर्पापासून होतो. मग डेस्परन्स हे शहर येते. ते बंदर म्हणून वसवले होते. पण नदीने पात्र बदलले आणि बंदर कोरडे पडले. भूमीच्या कालमानात हे शहर एक क्षणिक अपघात आहे. म्हणजे कादंबरीच्या भूगोलात दूर पडले आहे ते गोऱ्यांचे गाव. पाण्यापासून दूर, भूमीच्या स्मृतीपासून दूर. त्याच्या कडेला काटेरी झुडपांत आदिवासी राहतात. तेथील एंजल डे गावाच्या कचऱ्याच्या ढिगातून आपले घर उभारते. हे वर्णन वाचताना गृहनिर्माणाविषयीचा कोणताही अहवाल आठवावा. वस्तुस्थिती तीच आहे. पण अहवालात कचऱ्यातले घर हा अभावाचा पुरावा असतो, येथे ती एका हट्टी, लोभी, तेजस्वी स्त्रीची निर्मिती आहे. आणि राइट तिला आदर्शही करीत नाहीत. त्याच ढिगावरून भांडण पेटते आणि वस्ती पूर्व व पश्चिम अशी दुभंगते. आपसातील वैर लपवलेले नाही. त्याचा उगम मात्र गावाने टाकलेल्या वस्तूंत दाखवला आहे.

कादंबरीतील सर्वांत कठोर प्रसंग तीन मुलांचा आहे. पेट्रोल हुंगणारी ही मुले रखवालदाराच्या खुनाच्या संशयावरून पकडली जातात आणि कोठडीत मरतात. १९८७ ते १९९१ या काळात कोठडीतील ९९ मृत्यूंची चौकशी करून राजकीय आयोगाने ३३९ शिफारशी केल्या होत्या, हे ऑस्ट्रेलियन वाचकाला ठाऊक असते. राइट या मुलांना निष्पाप देवदूत करीत नाहीत, आणि त्यांचे व्यसन ही त्यांच्या मृत्यूची सबबही होऊ देत नाहीत. पेट्रोल हुंगणे आणि कोठडी या दोन गोष्टी धोरणाच्या भाषेत दोन वेगळ्या खात्यांत जातात. कादंबरी त्यांना एकाच निवेदनात ठेवते. हेच तिचे ज्ञान आहे.

‘द स्वान बुक’ (२०१३) या कादंबरीत आक्षेपाला अधिक थेट उत्तर मिळते. ओब्लिव्हिया या मुलीवर तिच्याच वस्तीतील, पेट्रोल हुंगणाऱ्या मुलांनी बलात्कार केलेला आहे, आणि ती वाचा गमावून बसली आहे. जे सांगायला समाज धजत नाही असे सटन म्हणतात, तेच कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. परंतु ही वस्ती सैन्याच्या देखरेखीखालील एका दलदलीकाठी आहे. म्हणजे तारणकर्ता आधीच येऊन पोहोचलेला आहे, आणि मुलगी तशीच मुकी आहे. पुढे वॉरन फिंच हा सत्तेच्या शिखराकडे निघालेला आदिवासी नेता तिला पत्नी म्हणून घेऊन जातो आणि मागे ती दलदलीची वस्ती नष्ट केली जाते. सुटकेचे कथानक येथे पूर्णत्वास जाते, आणि सुटका झालेली मुलगी शहरातील एका इमारतीत बंदिस्त होते. तारणकर्ता स्वकीय असल्याने कथानकाची जात बदलत नाही, हे राइट यांचे निरीक्षण दोन्ही बाजूंना अस्वस्थ करणारे आहे.

४

या विचाराचा परिपाक ‘प्रेझवर्दी’ (२०२३) मध्ये दिसतो. सातशेहून अधिक पृष्ठांच्या या कादंबरीत एक धुरकट ढग वस्तीवर कायमचा येऊन बसला आहे. कॉज मॅन स्टील हा गृहस्थ हवामानबदलाच्या युगात वाहतुकीचा धंदा उभारण्यासाठी रानगाढवे गोळा करीत फिरतो. त्याच्या थोरल्या मुलाचे नावच ‘ॲबोरिजिनल सॉव्हरिन्टी’, म्हणजे आदिवासी सार्वभौमत्व. परंपरेने नेमून दिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीशी असलेल्या संबंधामुळे तो गुन्हेगार ठरतो आणि समुद्रात चालत जातो. धाकटा टॉमीहॉक आठ वर्षांचा आहे. हस्तक्षेपाच्या काळातील बातम्या ऐकून त्याची खात्री झालेली आहे की आपल्या वस्तीतील सर्व प्रौढ बालकांचे शत्रू आहेत. आपल्याला आदिवासी व्यवहार खात्याच्या गोऱ्या मंत्रीणबाईंनी दत्तक घ्यावे, हे त्याचे स्वप्न आहे. भावाला समुद्रात शिरताना तो पाहतो.

निळ्या फलकाचा खरा वाचक कोण, या प्रश्नाचे उत्तर टॉमीहॉक आहे. ज्याच्या नावाने संहिता लिहिली गेली त्याच बालकाने ती वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. सुटकेच्या कथानकातले मूक बालक येथे प्रथमच बोलते, आणि बोलते ते धोरणाच्याच भाषेत. सार्वभौमत्व नावाचा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बुडतो, हे रूपक उघड आहे, किंबहुना राइट ते मुद्दाम उघड ठेवतात. सरकारी भाषा अमूर्त नामांनी चालते. त्यातील एका नामाला आईबाप, प्रेयसी आणि देह दिला की काय होते, हे त्या दाखवतात.

म्हणून राइट आणि धोरण यांच्यातील भेद दुःख दिसण्या-न दिसण्याचा नाही. तीनही कादंबऱ्यांच्या गाभ्याशी इजा झालेले मूल आहे. धोरणात ते मूल कारण असते, कादंबरीत ते एक जाणीव असते. पहिल्या स्थितीत मुलाविषयी काय करावे एवढाच प्रश्न उरतो. दुसऱ्या स्थितीत ते मूल काय जाणते, काय ऐकते, कोणावर विश्वास ठेवते हे विचारावे लागते. पिअर्सन आणि सटन यांच्या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे नाही. कारण आज रात्री कोणी दार ठोठावले तर काय करावे हे कादंबरी सांगू शकत नाही. पण त्यांच्या आक्षेपातून निष्पन्न झालेली एक समजूत ती खोडून काढते. हिंसा पाहण्यासाठी वस्तीकडे बाहेरूनच पाहावे लागते, अशी ती समजूत आहे.

या संदर्भात राइट यांच्या एका दुर्लक्षित पुस्तकाची नोंद केली पाहिजे. ‘ग्रॉग वॉर’ (१९९७) हे पुस्तक टेनंट क्रीक येथे मद्यविक्रीवर निर्बंध यावेत म्हणून स्थानिक आदिवासी संघटनेने दिलेल्या लढ्याचा इतिहास आहे. हस्तक्षेपाच्या दहा वर्षे आधी आदिवासी स्वतःच निर्बंध मागत होते आणि गावातील व्यापारी हितसंबंध त्याला विरोध करीत होते. वस्तीने मागितलेली दारूबंदी आणि वस्तीवर लादलेली दारूबंदी यांचे शब्द एकच असू शकतात. वाक्याचा कर्ता बदलतो. राइट यांच्या पुढच्या कादंबऱ्यांचे सारे राजकारण या व्याकरणात आहे.

मराठी समीक्षेने या कादंबऱ्यांचे वाचन करताना एक धोका टाळावा. त्यांच्यावर ‘जादुई वास्तववाद’ हे लेबल चटकन बसते. पण आदिसर्पाला जादू म्हणणे म्हणजे तो ज्यांचा कायदा आहे त्यांच्यापासून स्वतःला दूर उभे करणे. म्हणजे समीक्षेच्या परिभाषेत पुन्हा ‘दुर्गम’च म्हणणे. सर्प, नदी आणि वादळ हे राइट यांच्या कादंबरीत त्या भूमीचे अधिकृत दस्तऐवज आहेत, जसे सरकारला अहवाल. ‘कार्पेंटारिया’च्या अखेरीस चक्रीवादळ डेस्परन्स पुसून टाकते, आणि नॉर्म फँटम आपल्या नातवाला घेऊन समुद्रावरून परत येतो. शहर उरलेले नाही, पण घराची वाट त्याला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींना संसदेपुढे सल्ल्याचा घटनात्मक अधिकार देण्याचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियन मतदारांनी सुमारे ६० टक्के मतांनी फेटाळला. त्यानंतर तर हे परतणे वाचताना पोहोचण्याची अडचण नेमकी कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.