अद्ययावतीकरणाच्या सूचनांतील अनुक्त अर्थ

गेम कन्सोलच्या फर्मवेअरची, म्हणजे यंत्र चालविणाऱ्या अंगभूत आज्ञावलीची, नवी आवृत्ती देताना उत्पादक जी त्रोटक सूचना जोडतो, तिच्याकडे भाषेचा नमुना म्हणून सहसा पाहिले जात नाही. तथापि तीत जे सांगितलेले असते, त्याहून जे वगळलेले असते ते अधिक विचारणीय आहे.

निन्टेंडो कंपनीचा स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये विक्रीस आला. त्याच्या अनेक आवृत्त्यांच्या सूचनांचा आशय एकच आढळतो: वापरणाऱ्याचा अनुभव सुधारावा म्हणून यंत्रणेची स्थिरता वाढविली आहे. वस्तुतः यांपैकी काही आवृत्त्या आणखी एक कार्य करीत. स्विचच्या चिपमध्ये सूक्ष्म फ्यूज असतात. एकदा जळलेला फ्यूज पूर्ववत होत नाही. १.०.० या आवृत्तीस एक जळलेला फ्यूज अपेक्षित असे, २.०.० या आवृत्तीस दोन, तर ४.०.० या आवृत्तीस पाच. आरंभीच ही संख्या मोजली जाते आणि ती अपेक्षेहून अधिक भरल्यास यंत्र चालूच होत नाही. अशा रीतीने जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद होते.

या योजनेमागील युक्तिवाद निराधार नाही. दोष असलेली आवृत्ती पुन्हा बसविता आली, तर दोषनिवारण व्यर्थ ठरेल. आक्षेप आहे तो मौनाला. सोनी कंपनीने एप्रिल २०१० मध्ये ३.२१ या आवृत्तीद्वारे प्लेस्टेशन ३ वर अन्य कार्यप्रणाली बसविण्याची सोय काढून घेतली, तेव्हा तसे आधी जाहीर केले होते. निर्णय अप्रिय होता, पण वाक्य प्रामाणिक होते.

‘स्थिरता’ या शब्दाची अभिधा यंत्राविषयी आहे. जाणकारास मात्र त्यातून उत्पादकाच्या नियंत्रणाचे स्थैर्यही सूचित होते. ‘डाउनग्रेड’ या संज्ञेतही असाच निवाडा दडलेला आहे: नवे ते वरचे आणि मागे जाणे ही अवनती, हे तीत गृहीतच धरलेले असते.

सर्वांत उद्बोधक संज्ञा ‘मॉडिफाइड’, म्हणजे ‘बदल केलेला’ कन्सोल, ही होय. २०१८ मध्ये स्विचच्या चिपमधील कायमच्या आज्ञावलीतच एक दोष उघड झाला. तोपर्यंत विकलेल्या यंत्रांत तो फर्मवेअरने दुरुस्त करणे अशक्य होते. त्याच्या आधारे स्वतःची आरंभिक आज्ञावली चालविणाऱ्यांना फ्यूजची मोजणी टाळता आली. ज्याने यंत्राला हात लावला नाही, त्याच्या यंत्रातील फ्यूज मात्र जळत राहिले. म्हणजे पुसून टाकता येण्याजोगा बदल करणाऱ्या मालकाचे यंत्र ‘बदललेले’ ठरते, आणि ज्यात उत्पादकाने अपरिवर्तनीय भौतिक बदल केला, ते मूळचे म्हणविले जाते. कर्ता कोण, यावर क्रियापदाचा अर्थ असा पालटतो. सूचनेत एक वाक्य अधिक घातले असते, तर मालकाने दिलेली संमती खऱ्या अर्थाने संमती ठरली असती.