टॉमी जॅरेल यांचे फिडलवादन : परंपरा आणि व्यक्ती

लोकसंगीताच्या चर्चेत ‘अविकृत परंपरा’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. डोंगराळ मुलखाचा बाहेरच्या जगाशी संबंध येत नसल्यामुळे तेथील जुने संगीत जसेच्या तसे टिकून राहते, असे त्यामागील गृहीत आहे. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पर्वतप्रदेशाच्या बाबतीत ते विशेष रूढ झाले. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाने तेथील गीते टिपली, ती मुख्यतः इंग्लंडमधील जुन्या कथागीतांचे अवशेष म्हणून. वाद्यसंगीत त्याच्या दृष्टीने गौणच राहिले. नॉर्थ कॅरोलायनातील फिडलवादक टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांचे जीवन व वादन या गृहीताची परीक्षा घेण्यास उपयुक्त आहे.

जॅरेल यांचा जन्म ब्ल्यू रिज पर्वताच्या पायथ्याशी, सरी परगण्यातील राउंड पीक भागात झाला. वडील बेन जॅरेल हे स्वतः नामांकित वादक. मुलाने बालपणी बॅंजो व पुढे फिडल हाती घेतले. वडिलांखेरीज पेट मॅकिनी, झॅक पेन यांसारख्या, यादवी युद्धात लढलेल्या वृद्धांकडूनही त्यांनी चाली उचलल्या. हे संगीत नृत्याचे होते. नाताळापासून ६ जानेवारीपर्यंत घरोघर मेळे भरत व फिडल-बॅंजोच्या साथीवर लोक नाचत. जॅरेल यांनी मात्र वादनावर उपजीविका केली नाही. सुमारे चाळीस वर्षे ते राज्याच्या रस्ते-खात्यात रस्ता समतल करणारे यंत्र चालवीत होते. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. १९६७ मध्ये पत्नी निवर्तली. आणि त्यानंतरच त्यांच्या वादनास दुसरा बहर आला. ज्याला एकांतवासी परंपरेचा प्रतिनिधी मानावयाचे, त्याचे आयुष्य त्या मुलखातील एकांत मोडणारे रस्ते राखण्यात गेले, ही गोष्ट अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

वादनाचा विचार करता प्रथम लक्षात येते ती तारांची जुळणी. व्हायोलिनच्या रूढ जुळणीतील खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून चारही तारा षड्ज-पंचम-षड्ज-पंचम अशा लावल्या म्हणजे मोकळ्या तारा सतत घुमत राहतात व चाल त्या घुमाऱ्यावर चालते. दुसरा विशेष स्वरांचा. जॅरेल यांचा गांधार पुष्कळदा शुद्धही नसतो व कोमलही नसतो. तो दोहोंच्या मध्ये उभा असतो. पियानोच्या स्वरांस सरावलेल्या कानास हा दोष वाटेल. परंतु त्यांच्या गायनातही हाच स्वर येतो, आणि पडदे नसलेल्या बॅंजोवर फ्रेड कॉकरहॅम यांची बोटेही तेथेच थांबतात. तीन ठिकाणी सारखाच येणारा स्वर हा प्रमाद नसून पद्धती होय. बॅंजोचे मूळ आफ्रिकी आहे, हेही येथे स्मरणीय आहे. केवळ इंग्लंडचे अवशेष शोधणाऱ्यास या संगीताचा अर्धा भाग ऐकूच येणार नाही.

परंपरेचे सातत्य अर्थातच खोटे नव्हे. १९२७ मध्ये बेन जॅरेल व फ्रँक जेन्किन्स यांनी दा कोस्टा वोल्ट्झ यांच्या वाद्यवृंदातून ध्वनिमुद्रिका दिल्या; १९६८ च्या ‘डाउन टु द सायडर मिल’ या तबकडीवर कॉकरहॅम यांच्याबरोबर त्या दोघांचेच पुत्र, टॉमी व ऑस्कर, वाजवीत आहेत. परंतु यावरून आणखी एक गोष्टही सिद्ध होते : यंत्र व बाजारपेठ या संगीतात टॉमी तरुण असतानाच पोचली होती.

खरा प्रश्न या उत्तरकालीन कीर्तीतूनच उद्भवतो. १९७६ च्या ‘सेल अवे लेडीज’ या तबकडीवर जॅरेल एकटेच वाजवितात. बॅंजो नाही, नाचणारे नाहीत. ठेक्याचा सारा भार गजावर पडतो, आणि गज तो समर्थपणे पेलतो. एक श्रेष्ठ वादक म्हणून त्यांची ओळख येथे निर्विवाद पटते. तथापि जी चाल नर्तकांच्या पावलांनुसार कमीअधिक वेळा फिरे, तिला येथे आरंभ व शेवट मिळाला. दूरदूरच्या शहरांतून त्यांच्या घरी येणाऱ्या तरुणांनी गजाचा प्रत्येक झोका अशा मुद्रणांवरून घोटला आणि एका माणसाची लकब ‘राउंड पीक शैली’ म्हणून जगभर रूढ झाली. जॅरेल यांनी स्वतः मात्र अनेकांचे ऐकून आपला मार्ग काढला होता. शिष्यांची निष्ठा जितकी सूक्ष्म, तितकी ती गुरूच्या रीतीपासून दूर गेली.

१९८२ मध्ये राष्ट्रीय कलानिधीने प्रथमच दिलेल्या वारसा-सन्मानात जॅरेल यांचा समावेश झाला. हा गौरव उचितच होता. परंतु तो प्राचीन अवशेषाचा मानणे चुकीचे ठरेल. पूर्वजांच्या चाली त्यांनी आपल्या हाताच्या केल्या, आणि त्या हाताच्या झाल्या म्हणूनच जिवंत राहिल्या. लोककलावंताचे मूल्यमापन करताना ‘त्याने किती जतन केले’ या प्रश्नाबरोबर ‘त्याने काय घडविले’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो न विचारल्यास कलावंताचे नाव राहील, पण त्याची कला मात्र निनावी पर्वताच्या खाती जमा होईल.