अडीचमधला तिसरा

मराठीत साडेतीन आहे, साडेचार आहे, थेट साडेनव्याण्णवपर्यंत साडे आहेत. साडेएक आणि साडेदोन मात्र नाहीत. लहान मूल 'साडेदोन' म्हणालं की घरातलं कुणीतरी लगेच 'अडीच म्हण' असं सांगतं, पण का, ते सांगत नाही. या दोन जागा दीड आणि अडीच यांनी धरून ठेवल्या आहेत. त्यातला अडीच मला मराठीतल्या सगळ्या संख्याशब्दांत देखणा वाटतो.

बीड जिल्ह्यात मांजरसुंबा-केज रस्त्यावर नेकनूर लागतं. तिथल्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात हा शब्द दोन रूपांत कानावर पडतो. बैलजोडीचा धनी अडीच लाखांवर अडून बसलेला असतो आणि दखनी बोलणारा व्यापारी 'ढाई बहोत होते' म्हणत पाठ फिरवतो. सौदा मोडेल, पण आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण शब्द मुळात एकच आहे. हिंदी-दखनीनं पुढचा 'अ' सोडून दिला आणि शेवटाचं व्यंजन विरघळू दिलं. मराठीनं दोन्ही टोकं धरून ठेवली. गुजराती अढी म्हणते, बंगाली आडाइ म्हणते. मला विचाराल तर शेवटी 'पाच'मधल्यासारखा च वाजणारं आपलं रूपच सर्वांत ठसठशीत आहे.

हा च आला कुठून, हे पाहण्यातच शब्दाची खरी गोडी आहे. संस्कृतात मूळ शब्द अर्धतृतीय. पालीत तो अड्ढतिय झाला, प्राकृतात अड्ढाइज्ज. द्वितीयेची बीज झाली, ती आपल्या भाऊबीजेत आहे, आणि तृतीयेची तीज. अडीचच्या शेपटीत ही तीजच बसली आहे. म्हणजे शब्द फोडला तर हाती येतं 'अर्धा तिसरा'. आता त्यात दोन शोधून पाहा. सापडत नाहीत! दोन पुरे झाले हे शब्द बोलूनही दाखवत नाही. त्याचं सगळं लक्ष तिसऱ्याकडे आहे, जो सुरू झालाय आणि अर्ध्यावर आलाय.

साडेची चाल नेमकी उलटी. साडे हा सार्ध, म्हणजे अर्ध्यासह. तो आधी हातातलं मोजतो, मग वर अर्धं ठेवतो. साडेतीनमध्ये तीन ठणठणीत ऐकू येतात. सव्वाही त्याच रीतीचा, सपाद म्हणजे पावासह. पावणे मात्र पादोन, पाव कमी, म्हणून त्याची नजर येणाऱ्या आकड्यावर. घड्याळाकडे पाहून आपण सव्वादोन, अडीच, पावणेतीन असं सहज म्हणून जातो, आणि तेवढ्यात मोजणीची दिशा बदललेली असते. सव्वादोनला आपण मागच्या दोनाला धरून असतो, अडीचला तिसऱ्याच्या हद्दीत पाऊल पडतं आणि पावणेतीनला तिनाचं नावच तोंडात येतं.

दीड हा द्व्यर्धापासून आला, तोही दुसरा अर्धा मोजणारा. याच घराण्यातला औट, अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, म्हणजे साडेतीन. बाजारात साडेतीननं त्याला हटवलं. पण पाढ्यांत औटकी राहिली आणि बोलण्यात औट घटकेचा राजा राहिला. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा त्या बिचाऱ्याचं राज्य 84 मिनिटांचं! नेकनूर हे कीर्तनकार बंकटस्वामी महाराजांचं गाव, तिथं कीर्तन रुजलेलं आहे. वारकरी कीर्तनात 'औट हात देह' आला की श्रोत्यांना वेगळं समजवावं लागत नाही. बाजारानं टाकलेला आकडा संतवाणीनं जपला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अडीचचं वय किती? मस्कीला 1915 मध्ये अशोकाचा शिलालेख सापडला. मस्की रायचूर जिल्ह्यातलं, तेव्हा निजामाच्या राज्यातलं, म्हणजे नेकनूर ज्या राज्यात होतं त्याच राज्यातलं. त्या लेखात राजा सांगतो की बुद्धाचा उपासक होऊन आपल्याला अडीच वर्षांहून अधिक काळ झाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या त्या दगडावर आपल्या अडीचचा पूर्वज कोरलेला आहे. त्याच लेखाच्या शेवटी हे काम दीडपटीनं वाढेल असं म्हटलंय, म्हणजे दीडही हजर! जैनांच्या विश्वरचनेत माणसांची वस्ती अढाई द्वीपांतच आहे, जंबुद्वीप, धातकीखंड आणि पुष्करवराचा अर्धा भाग. तिथंही तिसऱ्याचा अर्धाच.

ही रीत फक्त आपलीच नाही. रोमन लोकांचं सेस्टर्शियस हे नाणं मुळात अडीच 'आस' नाण्यांचं, आणि नावाचा अर्थ अगदी आपलाच, अर्धा तिसरा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा रोमशी व्यापार होता. त्या मालाचा हिशोब एका टोकाला सेस्टर्शियसमध्ये झाला असेल आणि दुसऱ्या टोकाला अड्ढाइज्जमध्ये, या कल्पनेनं मी हरखून जातो. जर्मन दीडाला आंडरटहाल्ब म्हणतात, दुसरा अर्धा. रशियन पल्तरा तसाच. डॅनिश पन्नासाला हाल्वट्रेस म्हणतात, त्यात अर्धा तिसरा गुणिले वीस असा हिशोब दडलेला आहे. हंगेरियन मराठी, जर्मन, रशियन यांच्या भाषाकुळातली नाही, तरी तिचं दीडही दुसऱ्याच्या अर्ध्यावरच उभं आहे.

आपल्याकडे अडीच एवढा वापरात राहिला त्याला जुन्या तराजूचाही हात आहे. मण चाळीस शेरांचा. तो निम्मा करत चला: वीस, दहा, पाच, मग अडीच, मग सव्वा. पाच शेरांची पासरी, अडीच शेरांची अडशेरी. अडशेरी हे खरंखुरं वजन होतं, हातात घेऊन पारड्यात टाकायचं. अडशेरीच्या निम्मं सव्वाशेर, म्हणजे 'शेरास सव्वाशेर'मधला. धान्याच्या उसनवारीतही हेच आकडे फिरत. पेरणीला पोतं न्यायचं आणि सुगीला दीड परत करायचं, ती दिढी. ही दिढी फेडताना ज्यांची खळी रिकामी झाली, त्यांना दीड ऐकायला तेवढा गोड वाटला नसेल, हेही लिहिलं पाहिजे. 1958 पासून मेट्रिक मापं येत गेली आणि अडशेरी अडगळीत गेली. बुद्धिबळाचा घोडा मात्र अजून अडीच घरं चालतो. दोन घरं सरळ जातो आणि तिसऱ्याला बाजूला वळतो.

शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अपूर्णांक पुस्तकात पाहण्याआधी मुलांच्या तोंडी असायचा. अडीचकीची तिसरी ओळ तेवढी आजही घरोघरी चालू आहे: तीन अडीच साडेसात. शनीला बारा राशी फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीला जवळजवळ अडीच. चंद्रराशीच्या आधीची, तीच आणि नंतरची अशा तीन राशी ओलांडायला त्याला जो वेळ लागतो, ती साडेसाती.