बलाढ्य पात्र आणि त्याची जोड

स्पर्धेच्या खेळात अतिशय बलाढ्य पात्रास प्रवेश असावा की नसावा, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याच्या मासिकाचा नव्हे. तो मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांचा आहे, असे म्हणून काही वाचक पान उलटतीलही. परंतु ही मुले ज्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात त्याला आपल्या भाषेत पात्र असेच म्हणावे लागते. आणि पात्र किती समर्थ असावे, त्याच्या सामर्थ्यामुळे कथेतील झुंजच फुकट जाते काय, हा टीकेचा जुना विषय आहे. शिवाय हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा गावांतील सुशिक्षित घरांतूनही आता हे खेळ शिरले आहेत, आणि ‘ते पात्र घ्यायचे नाही’ या अटीवरून भावाभावांत तंटे होतात. ज्यावरून घरात वाद होतो त्याचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

ज्यांस या खेळांचा परिचय नाही त्यांच्याकरिता थोडा खुलासा अवश्य आहे. खेळाडू आरंभी एक पात्र निवडतो. कोणी चपळ असते, कोणी दणकट, कोणास एखादी विशेष विद्या अवगत असते. गुण निरनिराळे असले तरी ते एकमेकांस तोलून धरतील, अशी कर्त्याची योजना असते. ही योजना कोठेतरी चुकते आणि एक पात्र इतरांहून फार वरचढ ठरते. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ते काढून टाका. नाहीतर सर्वजण तेच घेतील व खेळातील वैचित्र्य नष्ट होईल. दुसरा म्हणतो, ते घेण्याची मुभा सर्वांनाच आहे. ज्याला हरण्याची भीती वाटते त्याने अभ्यास करावा.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे, परंतु दोघांनीही बळ मोजण्याचे माप सांगितलेले नाही. ते माप आपल्या मातीच्या कुस्तीत आहे. जत्रेच्या आखाड्यात एखादा मल्ल सर्वांना भारी दिसला म्हणून पंच त्याला हाकलून देत नाहीत. ते त्याची जोड पाहतात. तोलाचा गडी मिळाला की कुस्ती लागते. न मिळाला तर लागत नाही, कारण ती पाहण्यात कोणासच गोडी नसते. बळ हा दोष नव्हे, जोड नसणे हा दोष, हे मर्म आपल्या गावकऱ्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक आहे. याच मापाने दोन परदेशी प्रकरणे पाहू.

जपानातील कॅपकॉम या संस्थेने १९९४ साली काढलेल्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’ या खेळाच्या नव्या आवृत्तीत गौकी नावाचे एक गुप्त पात्र होते. अमेरिकेत त्यास अकुमा म्हणतात. ते उडी घेऊन हवेतूनच अग्निगोल फेकते, आणि त्यास पुरेसे उत्तर इतर पात्रांपाशी नाही, असा जाणत्या खेळाडूंचा निर्वाळा पडला. अमेरिकेतील स्पर्धांत त्यास बंदी झाली. जपानात तर लेखी नियमाची फारशी गरज न पडता शिष्टाचारानेच ते वर्ज्य ठरले. येथे जोड नव्हती. म्हणून ही बंदी आम्हांस न्याय्य वाटते.

दुसरे प्रकरण इतके सरळ नाही. निंटेंडोच्या २००८ सालच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या खेळात मेटा नाइट नावाचे खड्गधारी पात्र आहे. त्याच्या एका युक्तीने ते दीर्घकाळ अदृश्य व अभेद्य राहू शकत असे. ती युक्ती स्पर्धांतून वर्ज्य झाली, आणि ते योग्यच झाले. तथापि युक्ती गेल्यावरही पात्र प्रबळच राहिले. अखेर अमेरिकेतील एका नियममंडळाने २०११ साली त्यावर संपूर्ण बंदीचा ठराव केला. परंतु जानेवारी २०१२ मध्ये न्यू जर्सीत भरलेल्या ‘एपेक्स’ या मोठ्या स्पर्धेत मेटा नाइटला मोकळीक होती, आणि ती जिंकली ओटोरी या नावाने खेळणाऱ्या जपानी खेळाडूने, ओलिमार हे अगदी निराळे पात्र घेऊन. एका विजयाने सिद्धांत होत नाही हे खरे. पण ‘याला जोडच नाही’ हे विधान त्या एका विजयाने खोटे ठरते. पुढे ती बंदी टिकली नाही.

या दोन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे. कर्त्याने कृती एकदा लोकांच्या हाती दिली व तिच्यावरचा हात काढून घेतला. तोल सुधारणे मग खेळणाऱ्यांकडेच आले. ग्रंथाच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी प्रक्षेप केला. हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही; कारण बलाढ्य पात्रास स्पर्धेतून वगळण्याचा एक प्रक्षेप आपल्याच परंपरेत प्रसिद्ध आहे. द्रौपदीस्वयंवरात कर्ण धनुष्यास हात घालतो आणि ‘मी सूताला वरणार नाही’ असे सांगून द्रौपदी त्यास थांबविते, ही कथा मराठी घरांतील लहान मुलासही माहीत असते. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत, म्हणजे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादून १९३३ साली पूर्ण केलेल्या आदिपर्वात, हा नकार मूळ पाठात नाही. तो तळटीपेत गेला आहे. स्वीकृत पाठात कर्ण, शल्य आदी वीरांनाही ते धनुष्य साधले नाही, असाच निर्देश येतो.

या फरकाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. कर्णाने यत्न केला व तो हरला, असे म्हटले की पण कठीण ठरतो आणि अर्जुनाचा विजय उजळतो. कर्णास यत्नच करू दिला नाही, असे म्हटले की कर्ण मोठा होतो आणि अर्जुनाच्या विजयाला शंकेची कीड लागते. ‘मृत्युंजय’ व ‘राधेय’ या कादंबऱ्यांवर मराठी वाचकाने जे प्रेम केले, त्यात या न हरलेल्या वीराविषयीच्या हळहळीचा वाटा थोडाथोडका नसावा. बंदी घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ज्यास वगळले त्याची सावली जिंकणाऱ्यावर पडते.

अर्थात साम्य ताणू नये. कर्ण मनुष्य होता. त्यास जन्मावरून वगळणे हा मनुष्यावरील अन्याय झाला असता. खेळातील पात्र हे शस्त्र आहे. ते वर्ज्य केल्याने खेळाडूचा अभ्यास वाया जातो, मान जात नाही. पण याच ठिकाणी आमच्या जिल्ह्यातील मुलांशी निगडित असा एक वेगळा प्रश्न उभा राहतो: हे शस्त्र सर्वांस घेता येते काय?

२०१७ साली निघालेला ‘फ्री फायर’ हा खेळ स्वस्त फोनवरही चालत असे, म्हणून तो लहान गावांत पसरला. २०१९ च्या अखेरीस त्यात आलोक हे पात्र आले. ते स्वतःची व सोबत्यांची जखम भरून काढी व वेगही वाढवी. त्याची किंमत ५९९ हिरे होती, आणि हिरे खऱ्या पैशाने विकत मिळत. २०२० च्या डिसेंबरात क्रोनो आला. त्याच्या कवचाविषयी फार ओरड झाल्यावर कर्त्यांनीच २०२१ साली त्याचे बळ कमी केले. कर्ता जागा असला की बंदीची गरज उरत नाही, याचे हे उदाहरण होय. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने ‘फ्री फायर’वर बंदी घातली, परंतु तिचे कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते. आलोकच्या किमतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. बापाच्या खिशावर ज्याचे पात्र अवलंबून आहे, त्याला ‘अभ्यास कर’ असे सांगणे ही थट्टा होय. अशा पात्राची जोड असली तरी त्याच्यापर्यंत जाणारे दार सर्वांस उघडे नाही. म्हणून आमचे मत असे की, स्पर्धा भरविणाऱ्याने विकत मिळणारे पात्र सर्वांस द्यावे, नाहीतर कोणासच देऊ नये.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करून ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. तेव्हा उद्या शाळा व मंडळेही अशा स्पर्धा भरवितील. त्यांनी आधी अनिष्ट युक्ती तेवढी वर्ज्य करावी. मग उत्तर शोधण्यास खेळाडूंना पुरेसा अवधी द्यावा. तरीही जोड सापडली नाही तर पात्र वगळावे. आणि हे सर्व स्पर्धेपूर्वी जाहीर करावे, हरलेल्याच्या आरड्याओरड्यानंतर नव्हे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी? धाकटा तक्रार घेऊन आला तर फोन हिसकावून घेण्याची घाई करू नये. ‘त्या पात्राची जोड कोणती, ते शोधलेस का?’ एवढे त्यास विचारावे. शोधली असेल तर तो उत्तर देईल. नसेल तर परत खेळावयास जाईल.