उच्चार, वाद्य आणि अधिकार : एका जपानी स्त्री-वाद्यवृंदाच्या निमित्ताने

लोकप्रिय गीताची समीक्षा करताना आपण बहुधा शब्दार्थापाशी थांबतो. उच्चाराकडे लक्ष गेलेच, तर ते दोष दाखविण्यापुरते जाते. ही सवय कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात टोकियो येथील ‘फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट्स’ या केवळ स्त्रियांच्या वाद्यवृंदाचा विचार योजिला आहे. भंडारा जिल्ह्यातील वाचकास हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्यातून उद्भवणारा प्रश्न आपल्या झाडीबोलीच्या अंगणातलाच आहे.

या वाद्यवृंदाची स्थापना १९८६ मध्ये झाली. ‘रॉनी’ या नावाने परिचित असलेली योशिको फुजियामा गिटार वाजवून गाते, तर तिची भगिनी साचिको ड्रम वाजविते. त्यांचे संगीत दोन अमेरिकन प्रवाहांवर पोसलेले आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तरुण मुले घरच्या मोटारखान्यात जमून जे ओबडधोबड, कर्कश संगीत वाजवीत, त्यास ‘गॅरेज’ हे नाव पडले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या सहवासात ‘सर्फ’ संगीत वाढले. गिटारचे द्रुत आघात आणि यंत्राने दिलेला घुमारा ही त्याची लक्षणे होत. डिक डेलने १९६२ मध्ये गाजविलेली ‘मिसिरलू’ ही धून मुळात पूर्व भूमध्य प्रदेशातील होती. म्हणजे ज्यास आपण ‘अस्सल अमेरिकन’ म्हणतो, तेही उसनवारीतूनच घडलेले आहे. १९७० नंतरच्या पंक संगीताने सफाईदार कौशल्याची प्रतिष्ठाच नाकारली, आणि गॅरेजच्या ओबडधोबडपणास एक भूमिका प्राप्त झाली.

या भगिनींचे सर्वांत प्रसिद्ध गीत ‘वू हू’ हे होय. ते मूळचे व्हर्जिनियातील ‘रॉक-ए-टीन्स’ या वाद्यवृंदाचे, १९५९ मधील. क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘किल बिल’ चित्रपटाच्या पहिल्या भागात, २००३ मध्ये, या स्त्रिया ते पडद्यावर सादर करताना दिसतात. या गीताची संहिता म्हणजे शीर्षकातील निरर्थक अक्षरांची आवर्तने. पोवाड्यातील झीलकऱ्यांची ‘जी जी’ किंवा तराण्यातील अक्षरे यांच्याशी परिचित असलेल्या श्रोत्यास यात नवल वाटू नये. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. जपानी भाषेच्या मूळ अक्षरमालेत ‘वू’ हे अक्षर नाही. आणि ‘ह’पुढे ‘उ’ आला असता त्याचा उच्चार दोन्ही ओठांच्या फटीतून, काहीसा ‘फु’कडे झुकणारा होतो. अर्थात, अर्थ नसलेली अक्षरेसुद्धा कोणत्या तरी भाषेच्या वर्णव्यवस्थेत नांदत असतात, आणि ती दुसऱ्या मुखी गेली की नव्याने घडतात. त्यांच्या इंग्रजी गीतांतही जपानी वळण लपलेले नाही. त्यास उणीव मानावयाचे की शैली?

हा प्रश्न स्त्रीत्वाच्या प्रश्नाशी निगडित आहे. ‘आय ॲम ब्लू’ हे गीत १९६२ च्या सुमारास ‘आयकेट्स’ या गायिकांनी लोकप्रिय केले. पण त्याची रचना आइक टर्नर या पुरुष वाद्यवृंदप्रमुखाची होती, आणि गायिकांचे नावही त्याच्याच नावावरून पडले होते. तेच गीत टोकियोच्या या भगिनी गातात, तेव्हा कंठ स्त्रियांचा असतोच, शिवाय वाद्ये व ताल यांची सूत्रेही त्यांच्याच हाती असतात. आपल्याकडे भाऊबीजेच्या सुमारास मंडईत रंगणाऱ्या दंडारीत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. नागर रंगभूमीवर बालगंधर्वांनी तर स्त्रीरूपाचा आदर्शच घालून दिला. स्त्रीचे स्वतःचे गाणे मुख्यतः जात्यापाशी राहिले, आणि ढोलकी पुरुषाच्या हाती. म्हणून ड्रमपाशी बसलेली साचिको ही आपल्या दृष्टीने केवळ गंमत नव्हे.

या वाद्यवृंदाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. त्यांच्या संग्रहात इतरांच्या गीतांचा भरणा मोठा आहे. सलग ऐकता चाली एकमेकींत मिसळू लागतात. शिवाय चित्रपटाने त्यांस एक विलक्षण देखावा म्हणून पुढे आणले, हेही खरे. वेगळ्या उच्चाराचे असे कौतुक हा अवहेलनेचाच सौम्य प्रकार ठरू शकतो. नागपूर-पुण्याकडून येणारा रसिक झाडीपट्टीच्या नाटकास ‘किती गोड बोली’ म्हणून दाद देतो, तेव्हा हाच धोका असतो.

याउलट दुसरा धोका आपल्या अभ्यासकांपाशी आहे. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. प्रस्तुत लेखकास बालपणी शाळेत ‘डोळा’ हा शब्द वर्गासमोर पुनःपुन्हा म्हणावा लागला होता. त्यानंतर कित्येक दिवस तोंड उघडण्याचेच भय वाटे. आज तीच दुरुस्ती आपण लेखणीने करतो. दंडारीचे गीत उतरवून घेताना ‘कारा’चे ‘काळा’ करावे, तर ‘बारा’शी जुळलेले यमक तत्काळ तुटते, आणि मग आपणच त्या रचनेस ‘सदोष’ म्हणतो. दोष संकलकाने घातलेला असतो. शिक्षा मात्र गाणाऱ्यास होते.

टोकियोच्या या भगिनींनी आपला उच्चार इंग्रजीच्या मापाने शुद्ध होण्याची वाट पाहिली असती, तर त्यांचे गाणे झालेच नसते. त्यांचे संगीत सर्वांस रुचेल असे नव्हे, आणि रुचावे असा आग्रहही नाही. परंतु यंदा मंडईच्या रात्री ध्वनिमुद्रक घेऊन निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यापासून इतके अवश्य घ्यावे की, जे कानी पडेल ते तसेच लिहावे, आणि गाणारी स्त्री असेल तर वाद्य कोणाच्या हाती होते, हेही टिपून ठेवावे.