मुक्त आणि फुकट : प्लगइनच्या मोलाविषयी

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला सुरुवातीपासून छळले आहे. स्वातंत्र्य आणि विनामूल्यता हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात राहतात. मराठीत ही अडचण यायला नको होती. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन निराळे शब्द आहेत. तरीही मुक्त सॉफ्टवेअरला जोडायच्या एखाद्या प्लगइनला कोणी किंमत लावली, की आपल्याकडेही आक्षेप येतो तो ‘हे फुकटच असायला हवे’ असाच. ‘फुकट’ला मराठीत ‘वाया’ असाही अर्थ आहे, हे मला सूचक वाटते. या आक्षेपात नैतिक तथ्य किती, हे मी वर्डप्रेसच्या उदाहरणावरून तपासणार आहे.

प्रथम परवान्याकडे वळू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ईमॅक्स हा आपला संपादक टेपवर भरून १५० डॉलरला द्यायला सुरुवात केली. ज्यांना तो नेटवर्कवरून उतरवून घेता येत होता, त्यांना तो विनामूल्य होता. म्हणजे चळवळीच्या प्रवर्तकानेच विक्री केली होती. १९८९ मध्ये आलेल्या आणि १९९१ मध्ये सुधारलेल्या जीपीएल या परवान्यातही प्रत देताना पैसे घ्यायला मनाई नाही. मनाई आहे ती घेणाऱ्याचे हात बांधायला. मूळ कोड त्याला मिळाला पाहिजे, तो त्याला बदलता आला पाहिजे आणि पुढे वाटताही आला पाहिजे. हा परवाना किमतीविषयी जवळजवळ मौन पाळतो. सगळा वाद या मौनातून निघतो, कारण कायदा जिथे थांबतो तिथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

वर्डप्रेसचा जन्मच उसन्या कोडातून झाला. मिशेल वाल्ड्रिगी यांच्या ‘बी-टू’ या थांबलेल्या प्रकल्पावरून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये तो उभा केला. जीपीएलमुळेच ते शक्य झाले. पुढे २०१० मध्ये ‘थीसिस’ ही विकाऊ थीम जीपीएलबाहेर ठेवण्याचा आग्रह तिच्या कर्त्याने धरला, तेव्हा मुलेनवेग यांचा त्याच्याशी जाहीर वाद झाला. अखेर थीमचा पीएचपी भाग जीपीएलखाली आला. रूपसज्जेचा भाग राखीव राहिला. वाद पैशांचा दिसत होता, पण प्रत्यक्षात तो हक्कांचा होता. थीम विकण्याला वर्डप्रेसवाल्यांची हरकत नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. २०११ मध्ये वूथीम्स या कंपनीने ‘जिगोशॉप’ या दुकान-प्लगइनचा कोड घेतला, त्यावर काम करणाऱ्या दोघांना नोकरी दिली आणि ‘वूकॉमर्स’ काढले. मूळ प्लगइन विनामूल्य, भोवतीच्या जोडण्या विकत, अशी त्याची रचना होती. २०१५ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिकने वूथीम्स विकत घेतली. यात परवान्याचा भंग कुठेही नाही. तरी ज्यांच्या श्रमावर पाया घातला गेला त्यांचे देणे फिटले का, हा प्रश्न परवाना विचारत नाही. तो आपण विचारला पाहिजे.

तिसरे उदाहरण २०२४ चे. डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी चाललेल्या भांडणात ‘अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगइनच्या विनामूल्य आवृत्तीची वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातली जागाच मुलेनवेग यांच्या बाजूने ताब्यात घेतली गेली आणि तिथे दुसऱ्या नावाची आवृत्ती ठेवली गेली. डिसेंबरात न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ती जागा परत करावी लागली. कोडाची प्रत काढणे हा मुक्ततेचाच भाग आहे. पण वापरणाऱ्यांनी एका नावावर ठेवलेला विश्वास काही कोडासारखा उचलून नेता येत नाही. एरवी पैसे घेणाऱ्या प्लगइनकर्त्याकडे बोट दाखवले जाते. इथे संग्रहाचे दार ज्याच्या हाती, त्याच्या नीतीचा प्रश्न उभा राहिला.

या तीन उदाहरणांवरून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली, विकले जाते ते नवे काम आहे का? काल विनामूल्य असलेली सोय आज कुंपणाआड नेऊन विकणे हे श्रमाचे मोल नव्हे, ती अडवणूक आहे. दुसरी, विनामूल्य भाग स्वतःच्या पायावर उभा आहे का? पैसे भरल्यावरच उघडणारी कुलूपबंद सोय वर्डप्रेसच्या संग्रहातील प्लगइनमध्ये ठेवू देत नाहीत, तो नियम मला योग्य वाटतो. तिसरी, सुरक्षेची दुरुस्ती सर्वांना मिळते का? सोयीचे पैसे घ्यावेत. पण भोक आपण ठेवायचे आणि ते बुजवण्याचे दाम मागायचे, हे समर्थनीय नाही.

पण कसोट्या विक्रेत्यालाच लावून भागणार नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ओपनएसएसएलला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. फुकट वापरणाऱ्या श्रीमंत कंपन्यांची त्यात कमी नव्हती. देखभालीचे पैसे कोणीच न देणे हीदेखील एक अनीती आहे, आणि तिची किंमत शेवटी सगळ्यांनाच मोजावी लागते.

यात मराठीचाही एक कोपरा आहे. वर्डप्रेस मराठीत दिसते ते स्वयंसेवकांनी एकेका शब्दाला प्रतिशब्द शोधल्यामुळे. संग्रहातल्या विनामूल्य प्लगइनांचे भाषांतरही असेच स्वयंसेवक करतात. उद्या त्यातलीच वाक्ये विकाऊ आवृत्तीत गेली, तर कायदा त्यांच्या बाजूने काही बोलणार नाही. विक्रेत्याने निदान त्यांचे ऋण जाहीरपणे मान्य करावे आणि मिळकतीतला काही वाटा किंवा काही तास मूळ प्रकल्पाकडे परत वळवावेत, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

तेव्हा प्लगइनला किंमत लावणे हे पाप नाही. किंमत लावताना आपण कोणाच्या ओसरीवर बसलो आहोत हे विसरणे, हा दोष आहे. आणि त्या ओसरीवर येऊन रोज फुकट पाणी पिणाऱ्यांनी आडाचा गाळ कोण काढतो हे कधीच न विचारणे, हा त्याच्याहून जुना दोष आहे.